येते आणि जाते

कुपवाड
१ एप्रिल २०२५, मंगळवार

मावशी,

हे पत्र याकूबचाचांच्या हाती देते आहे. ते रोज सकाळी साताऱ्याच्या दवाखान्यातून तपासणीचे नमुने घेऊन इथं येतात आणि दुपारी रिकामे डबे घेऊन परत जातात. उत्तरही त्यांच्याच हाती दे. चॅटवर नको, ईमेलवर नको. फोनवरही नको, कारण तू फोनवर बोललीस की अर्ध्या वॉर्डाला ऐकू जातं.

मार्च महिन्यात तुझ्या नावावर तुमच्या वॉर्डातलं औषधांचं कपाट सात वेळा जास्तीचं उघडलं गेलं आहे. सातही वेळा एकच इंजेक्शन काढलं आहे, ज्याचा हिशेब कुपीगणिक द्यावा लागतो ते वेदनाशामक. सातही वेळा दुपारी चार ते सहाच्या दरम्यान. तुझी ड्यूटी दोनला संपते. त्यातल्या एका दिवशी तर तू दोनला निघून थेट वाईला बारशाला गेली होतीस. चार वाजताचा, घुगऱ्या वाटतानाचा तुझा फोटो माझ्याकडे आहे.

ही नोंद अजून फक्त मी पाहिली आहे. सर्व्हरच्या नोंदी तपासणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून दिसली.

तुला यंत्रणा कशी चालते ते एकदा सांगितलं होतं, पुन्हा सांगते. तुझ्या टेबलावरचा पडदा ही नुसती खिडकी आहे. खरा संगणक इथं कुपवाडला सर्व्हरवर चालतो. सकाळी तू एकदा कार्ड टेकवतेस, सांकेतिक शब्द घालतेस, आणि त्या एका ओळखीवर सगळं उघडतं. रुग्णांचे कागद, ईमेल, चॅट, औषधांचं कपाट, सगळं. पुन्हा कुणी काही विचारत नाही. म्हणून जो कुणी हे करतो आहे, तो नुसतं कपाट उघडत नाही. तो तू होतो. तुझ्या नावानं तो मलासुद्धा लिहू शकतो. हाताचं अक्षर तेवढं त्याला जमणार नाही.

मला नेमकी उत्तरं हवीत. कार्ड कधी कुणाला दिलंस का? सांकेतिक शब्द कुणाला ठाऊक आहे? घरी जाताना संगणक नीट बंद करतेस का?

मला भीती वाटते आहे. हे वाक्य मी एकदा खोडलं होतं.

अबोली


सातारा
३ एप्रिल

चि. अबोलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चादरींच्या खोलीत दार लोटून वाचलं. बयाबाई पोछा घेऊन आत आली आणि म्हणाली, "आवं बाई, येवढं कुणाचं पत्र वाचताय? लगीन ठरलं काय तुमचं?" मी हसले आणि पत्र पदराखाली दडवलं.

प्रश्न असे विचारलेस की मी तुझ्याकडं नोकरीला अर्ज केलाय! तरी उत्तरं देते. कार्ड गळ्यातून फक्त अंघोळीला निघतं. शब्द कुणाला माहीत नाही. तू लिहून ठेवायचा नाही म्हणालीस, म्हणून लिहिला नाही, आणि त्यापायी दोनदा विसरले. आणि संगणक मी रोज न चुकता बंद करते. पेशंटच्या हातातली सुई काढायला एक वेळ उशीर होईल, पण ते बटण दाबल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही.

इथं कुणावर संशय घ्यावा असं कुणी नाही गं. संध्याकाळच्या पाळीला श्रद्धा असते, ती माझ्या हाताखाली शिकलेली पोर. बयाबाईला तर पडद्याकडं बघायचीही भीती. औषधांचं भांडार सुमंतकडं आहे, तो दिवसातून दहा वेळा येतो-जातो. गेल्या पावसाळ्यात उंब्रजला हायवेवर त्याची मोटरसायकल घसरली, मणका दुखावला, तेव्हा तीन आठवडे याच वॉर्डात होता. त्याची इंजेक्शनं मीच करायची. तेव्हापासून पोरगा वाळलाय. एवढ्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, कपाळावर घाम, पण मला ताई ताई करत चहा आणून देतो. दर सोमवारी व्यवस्थापकांकडं औषधांची यादी तोच नेतो. त्याला आधी कळलं असतं की!

तुझ्या यंत्रानंच काही गोंधळ केला असेल. जेवत जा वेळेवर.

तुझी,
उमामावशी


कुपवाड
५ एप्रिल, शनिवार

मावशी,

हे पत्र एकटी असताना वाच. वाचून झाल्यावर कपाटात ठेवू नकोस, घरी ने.

काल संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मला चॅटवर तुझ्या नावानं निरोप आला. शब्दशः उतरवते:

"अबोली, ती इंजेक्शनं मीच काढली होती. कागदावर लिहायची राहिली. तू जुन्या नोंदी उकरू नकोस, माझी नोकरी जाईल. कुणाला बोलू नकोस. चल, जाते."

तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका होता. म्हणजे त्या क्षणी कुणीतरी तुमच्या वॉर्डातल्या मशीनसमोर, तुझ्या खुर्चीत बसून मला लिहीत होतं. मी उत्तर दिलं नाही. ठिपका अकरा मिनिटं तसाच राहिला. तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

शेवटचा शब्द वाचेपर्यंत मी अर्धवट विश्वास ठेवला होता. हे मी तुझ्यापासून लपवत नाही. शेवटच्या शब्दावर थांबले. तू आयुष्यात कधी 'जाते' म्हणाली नाहीस. निघताना 'येते' म्हणायचं. हे तू मला कसं शिकवलंस ते इथं लिहीत नाही. ते आपल्या दोघींपुरतं राहू दे, कदाचित लागेल.

मग मला दुसरी गोष्ट कळली.

दोन वर्षांपूर्वी ही यंत्रणा बसवली तेव्हा तुम्हा परिचारिकांसाठी मराठी शब्द मी घातले. खिडकी बंद करायला दोन बटणं आहेत. थोड्या वेळापुरतं उठायचं असेल तर एक. ते दाबलं की पडदा काळा होतो, पण तुझी ओळख त्या मशीनवर बारा तास जिवंत राहते, कुठलीही कळ दाबली की सगळं परत उघडं. घाईत धावणाऱ्या बाईला पुन्हा पुन्हा कार्ड टेकवावं लागू नये म्हणून ती मुदत मीच ठेवली. आणि ड्यूटी संपवून घरी जायचं असेल तर दुसरं बटण, जे ओळख पुसून टाकतं. पहिल्याला मी नाव दिलं 'येते'. दुसऱ्याला 'जाते'. बैठकीत सगळ्यांना ते फार आवडलं होतं.

मावशी, घरी निघताना तू कुठलं दाबतेस?

मला उत्तर माहीत आहे, तरी लिही.

मी आज कुणाला न विचारता दोन बदल केले आहेत. सोमवार सकाळपासून तुमच्या मशीनवर 'येते' दाबलं तरी ओळख लगेच पुसली जाईल. आणि दोन वाजल्यानंतर तुझ्या कार्डानं कपाट उघडणार नाही. मग तुझ्या नावावर काही काढताच येणार नाही. परवानगीशिवाय असा बदल करणं हा नियमभंग आहे.

एक प्रश्न राहिला. मी नोंदी पाहते आहे हे त्याला कसं कळलं? माझ्या पत्राबद्दल तू कुणाला सांगितलंस?

अबोली


सातारा
७ एप्रिल

अबोली,

'येते'च दाबते गं. आम्ही सगळ्याच. दवाखान्यात कोण बाई 'जाते' म्हणेल? समोर ऑक्सिजनवर माणूस असतो. श्रद्धाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्या दुसऱ्या बटणाला बोट लावायचं नाही, अशुभ आहे. मला वाटायचं कंपनीनं उगीच ठेवलंय.

आता खरं सांगते. पत्राचं मी सुमंतला सांगितलं. तुझं नाव घेऊन सांगितलं. त्यानं चहा आणला, मी रडवेली होते, तो म्हणाला, "ताई, काय झालं?" आणि मी बोलून गेले. आणि आणखी एक. ३१ मार्चला त्यानं माझ्याकडून एका कागदावर सही घेतली. सात कुप्या कमी आहेत आणि जबाबदारी वॉर्डच्या मुख्य परिचारिकेची, असं त्यात होतं. "नुसता उपचार आहे ताई, दर वर्षी करतो." मी वाचलं आणि तरी केली. तुला लिहायची लाज वाटली.

आज मशीननं त्याला दार उघडलं नसावं. पाच वाजता मी मोजे विसरले म्हणून परत आले होते. तो माझ्या टेबलाशी उभा होता. मला बघून हसला. "ताई, तुम्ही अजून इथंच?" एवढंच. पण अबोली, मी जिना उतरेपर्यंत तो वरून कठड्याला धरून बघत होता. मी घरी येऊन दोन्ही कड्या लावल्या.

त्याच कागदावरून आता माझी चौकशी लागलीय, मंगळवारी, पंधराला; चौदाला सुट्टी. समितीला कागद दाखवायला तोच बसणार. मी ठरवलंय, सांगून टाकायचं की मीच कार्ड दुसऱ्यांना देत होते. बटणांचं बोलायचंच नाही. माझी सप्टेंबरात निवृत्ती आहे. तुझं सगळं पुढं आहे.

मावशी


कुपवाड
८ एप्रिल

मावशी,

असं काही सांगणार नाहीस. खोटं सांगितलंस तर ते भोक बुजणार नाही, उद्या श्रद्धाच्या नावानं कुणीतरी आत शिरेल. शब्द माझे होते. ते मी समितीसमोर सांगेन.

सुमंतचं नाव मी आज वरिष्ठांना दिलं. ते म्हणाले, पुरावा दाखवा. सगळ्या नोंदींत पुरावा तुझ्याविरुद्ध आहे. यंत्राला तुम्ही दोघं एकच माणूस दिसता.

पंधरापर्यंत दोनला निघ आणि सरळ घरी जा. काही विसरलं तरी परत येऊ नकोस. त्याच्याशी एकटी बोलू नकोस. त्याला कालपासून ते मिळालेलं नाही, आणि दार कुणी बंद केलं हे त्याला ठाऊक आहे.

अबोली


सातारा
११ एप्रिल, शुक्रवार

अबोली,

अक्षर बघून घाबरू नकोस. उजव्या हाताला टाके पडलेत, डाव्या हातानं लिहितेय. मीच आहे हे तुला पटायला हवं, म्हणून आपली दोघींची गोष्ट आधी लिहिते. तू नववीला सांगलीच्या वसतिगृहात निघालीस. ट्रंक खाली रिक्षात होती. जिन्यावरून ओरडलीस, "मावशी, जाते!" मी तुला वर बोलावलं. आलीस फणफणत. हातावर साखर ठेवली आणि 'येते' म्हणेपर्यंत उंबरा ओलांडू दिला नाही. त्यात एसटी चुकली आणि तू स्टँडवर दोन तास माझ्याशी बोलली नाहीस.

पटलं? आता ऐक.

काल मी दोनला निघाले नाही. तुझं ऐकायला हवं होतं. मला वाटलं, आपण डोळ्यांनी बघितलं तर पुरावा होईल. चादरींच्या खोलीत फळीमागं बसले. बयाबाईला तेवढं सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्या दारात पोछा मारत ऱ्हाते. कोन आलं तर खोकते."

पावणेपाचला ती खोकली.

सुमंत आला. फटीतून मला त्याची पाठ दिसत होती. त्यानं कळ दाबली, मशीननं कार्ड मागितलं. तो बराच वेळ तसाच उभा. हात एवढे थरथरत होते की पेनांचा डबा पडला. मग त्यानं स्वतःचं कार्ड टेकवलं. स्वतःच्या नावानं कपाट उघडलं, काहीतरी काढलं. परत मशीनपाशी जाऊन एक बटण दाबलं. आणि वळून थेट माझ्या खोलीकडं यायला लागला.

अबोली, मी तोंडात पदर कोंबला होता. आला, दिवा लावला नाही, दाराला आतून कडी घातली. मी फळीमागं आणि तो चादरींच्या ढिगावर, मध्ये चार हात अंतर. माझा श्वास त्याला ऐकू जाईल असं वाटत होतं. मला वाटत होतं, याला कळलंय मी इथं आहे. नंतर त्याचाच श्वास ऐकू यायला लागला. घरघर. मग मध्ये मोठं अंतर. मग परत एक. मग नाहीच.

तीस वर्षं नोकरी केलीय. तो आवाज मला कळतो. पण उठायला किती वेळ लावला असेन, ते मी समितीला सांगणार नाही. तुला सांगते. मी बसून राहिले. मनात आलं, सही केलेला कागद याच्यासोबत जाऊ दे.

मग उठले. कडी काढली, बयाबाईला हाक मारली. ओठ निळे पडले होते. श्रद्धा पेशंट घेऊन ऑपरेशनला गेलेली. तातडीच्या ट्रॉलीत उताऱ्याचं इंजेक्शन असतं, तो कप्पा रिकामा. भरायचं काम सुमंतचंच. दुसरा उतारा कपाटात, काचेच्या दारामागं. मी कार्ड टेकवलं. 'ड्यूटीची वेळ संपली आहे.' पुन्हा टेकवलं. तेच.

बयाबाई ओरडली, "आवं बाई, त्येच्या गळ्यातलं लावा की!" मशीनकडं वळले तर पडद्यावर लिहिलं होतं, 'सुमंत बाहेर पडले आहेत.' त्यानं शब्द घातल्याशिवाय परत उघडणार नव्हतं.

"न्हाई उघडत व्हय? मग बघताय काय! फोडा!"

सलाइनचा स्टँड घेतला आणि काच फोडली. आत हात घातला. त्यात मनगटापासून वर सात टाके. उतारा त्याच्या दंडात टोचला. बाही वर केली तेव्हा दिसलं, बाह्या का घालायचा ते. मग तोंडावर पिशवी धरून, रक्तानं निसरड्या हातांनी श्वास देत बसले. बयाबाई आकडे मोजत होती. तिला वीसच्या पुढं येत नाहीत, परत एकपासून. चौथ्या वेळी एकोणीसवर त्यानं श्वास घेतला.

आज सकाळी शुद्धीवर आला. माझा पट्टी बांधलेला हात बघत होता. म्हणाला, "ताई, त्या सात तुमच्या नव्हत्या. साहेबांना सांगितलंय." मग भिंतीकडं तोंड केलं.

मला रात्रभर झोप लागली नाही. डोळे मिटले की तो श्वासांमधला मोठा खंड ऐकू येतो, आणि मी फळीमागं बसलेली असते.

मावशी


कुपवाड
१६ एप्रिल, बुधवार

मावशी,

शनिवारी पाकीट उघडलं आणि आत अनोळखी, वेडंवाकडं अक्षर दिसलं. तुला काहीतरी झालं आहे आणि तुझ्या नावानं हा आता कागदावरही लिहितो आहे, असं वाटलं. साखरेच्या ओळीपर्यंत कसं पोहोचले ते आठवत नाही. याकूबचाचांनी मला पाणी दिलं. "बेटा, हाताला लागलंय फक्त, मी स्वतः बघितलंय त्यांना," असं ते आधीपासून सांगत होते. मला ऐकू येत नव्हतं.

समितीचं काल संपलं. तुझा जबाब घरीच घेतला, म्हणून तिथलं कळवते; मी इथूनच पडद्यावर हजर होते. तुझ्या सहीचा कागद रद्द झाला. सुमंतचा जबाब वाचून दाखवला. त्याला उपचारासाठी पाठवणार आहेत, पुढचं पोलीस ठरवतील.

माझं मी सांगितलं. दोन शब्द, बारा तास, आणि परवानगीशिवाय केलेले दोन बदल. एका सदस्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही दार उघडं ठेवलंत म्हणून तो आत शिरला, आणि बंद केलंत म्हणून मरता मरता वाचला?" मी हो म्हणाले. तुझा हात कापला तो माझ्या नियमामुळे, हेही सांगितलं. पुढच्या निर्णयापर्यंत मला या कामावरून बाजूला केलं आहे. तेवढे शब्द दुरुस्त करून कार्ड जमा करा, असा आदेश होता.

तू फळीमागं किती वेळ बसलीस ते मी कुणाला सांगितलं नाही. पण मला ते मोजता येतं. त्यानं मशीन सोडलं ती वेळ आणि तू कार्ड टेकवलंस ती वेळ, दोन्ही नोंदीत आहेत. मी मोजलं नाही.

कार्ड देण्याआधी एकच गोष्ट काढून पाहिली. तुमच्या मशीनवर दोन वर्षांत 'येते' एकोणीस हजार चारशे बारा वेळा दाबलं गेलं आहे. 'जाते' एकदा. १० एप्रिल, चार वाजून बावन्न मिनिटं.

त्याला ती दोन्ही बटणं तुमच्याइतकीच ओळखीची होती. त्या दिवशी त्याला नुसतं मशीन बंद करायचं होतं की कायमचं निघायचं होतं, ते त्यानं जबाबात सांगितलेलं नाही, आणि समितीनं विचारलं नाही. त्या मशीनवर तसं निघायची सोय मीच करून ठेवली होती. चांगला शब्द म्हणून.

मी 'जाते' पुसलं. त्या जागी 'येते' लिहिलं; ड्यूटी संपली की ते दाबायचं, ओळख पूर्ण पुसली जाते. थोड्या वेळापुरतं उठायचं त्या बटणाला 'आलेच' असं नाव दिलं, आणि मुदत पाच मिनिटं. आता तिथून कायमचं निघणाऱ्यालासुद्धा दुसरा शब्द मिळणार नाही.

श्रद्धाला आणि बाकीच्यांना नीट समजावून सांग. उजवा हात ओला करू नकोस. येत्या शनिवारी सकाळच्या एसटीनं निघते आहे, पट्टी मी बदलेन.

येते.

अबोली